फुटक्या खापराला सोन्याचा करंडक : डिजिटल संग्रहालयात आपला इतिहास कसा मांडायचा?



सध्या जिथे जावे तिथे डिजिटल संग्रहालयाची भाषा ऐकू येते. स्मारक होणार म्हटले की थ्रीडी, व्हर्च्युअल टूर, टच स्क्रीन हे शब्द आराखड्यात आलेच. आमचा याला विरोध नाही. ज्यांना शतकानुशतके पोथीला हात लावू दिला नाही, त्यांच्या पोरांच्या हातात आज मोबाईल आहे आणि त्यात जगातली संग्रहालये उघडतात, ही गोष्ट लहान नाही. पण त्या पडद्यावर नेमके काय दिसते आणि काय गायब होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारण्यासाठी हा लेख.

मागच्या वर्षी आम्ही वस्तीतल्या अभ्यासवर्गाची मुले घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. खऱ्या वस्तू काचेमागे होत्या आणि शेजारी मोठा टच स्क्रीन होता. दगडी शिलालेख, तांब्याचे नाणे, मातीचे भांडे, सगळे त्या पडद्यावर एकाच आकाराचे. बोट डावीकडे सरकवले की नाणे, पुन्हा सरकवले की भांडे. मुले दोन मिनिटांत कंटाळली. एका सातवीतल्या मुलीने मात्र विचारले, "हे जड असेल का हो?" त्या पडद्याकडे याचे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. घरी येताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. वस्तू कशाची आहे, जड की हलकी, गार की उबदार, खडबडीत की गुळगुळीत, वाजवली तर कशी वाजते, हे सगळे काढून टाकले तर वस्तूत उरते काय? फक्त चित्र. आणि चित्राखाली कोणीतरी लिहिलेल्या चार ओळी. त्या ओळी कोण लिहितो, हे आंबेडकरी तरुणाला वेगळे सांगायला नको.

सोपाऱ्यात काय सापडले?

हवेत बोलण्यापेक्षा आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यातले नालासोपारा. आज लोकल ट्रेनच्या गर्दीसाठी ओळखले जाणारे हे गाव एकेकाळी शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. सम्राट अशोकाने जिथे आपले लेख कोरवले त्या ठिकाणांपैकी हे एक. इथे एक मोठे टेकाड होते. स्थानिक लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बांबूच्या टोपल्या विणणारा बुरुड आणि त्याचा कोट! लोकांच्या तोंडी हे नाव कसे आले हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, पण तो स्तूप होता हे लोकस्मृतीतून पुसले गेले होते एवढे खरे.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खोदले. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यात दगडाची एक मोठी गोल पेटी होती. झाकण उघडल्यावर मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती कांस्याच्या आठ लहान बुद्धमूर्ती दिसल्या. सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक होता. चांदीच्या आत घडीव दगडाचा. दगडाच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते.

आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? हिरा? माणिक? नाही. मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. खापऱ्या! भगवानलाल यांनी ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले. आज या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

मातीच्या भांड्याचा दुसरा इतिहास

आता ही तेरा खापरे पडद्यावर टाका. बाजूला लिहा : 'मातीच्या भांड्याचे तुकडे, संख्या १३.' माहिती बरोबर आहे. पण त्यातून काही कळले का?

कळण्यासाठी मातीच्या भांड्याचा या देशातला दुसरा इतिहास माहीत असावा लागतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने कसे जगावे याचे नियम आहेत. त्याने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे घालावीत, लोखंडाचे दागिने वापरावेत आणि फुटक्या भांड्यात जेवावे. फुटके भांडे ही तिथे माणसाची पायरी दाखवणारी खूण आहे. शुद्धीच्या नियमांतही हेच. धातूचे भांडे घासून, धुऊन शुद्ध करता येते. मातीचे मात्र पुन्हा भाजावे लागते आणि काही विटाळांनंतर ते कायमचे टाकून द्यावे लागते. कारण माती शोषून घेते. म्हणजे मातीचा जो भौतिक गुण, तोच जातिव्यवस्थेने आपल्या कायद्यात वापरला.

पुढे पेशवाईत काय झाले ते बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात नोंदवले आहे. पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मातीचे मडके अडकवून चालावे लागे, कारण त्याची थुंकीही जमिनीवर पडता कामा नये. मडके तेच, माती तीच. पण इथे ते माणसाचा अपमान वाहून नेणारे साधन झाले.

आता पुन्हा सोपाऱ्याच्या स्तूपाकडे या. तिथे त्या काळच्या माणसांनी काय केले? मनूच्या व्यवस्थेने ज्या फुटक्या भांड्याला तळाशी ढकलले, तसलेच फुटके भांडे त्यांनी सोन्याच्या आत ठेवले. सोने त्याचे आवरण झाले, स्फटिक सोन्याचे आवरण झाले, चांदी, तांबे, दगड सगळे त्या खापराच्या राखणीला उभे राहिले. भिक्षूचे पात्र हे कोणाच्याही दारातले अन्न स्वीकारणारे पात्र. त्यात कोणी वाढले याची जात पाहिली जात नव्हती. त्या पात्राचा हा मान आहे. ही मांडणी ग्रंथात लिहिलेली नाही, ती वस्तूंच्या क्रमात लिहिलेली आहे. ती वाचायची असेल तर दगड दगडासारखा, सोने सोन्यासारखे आणि माती मातीसारखीच अनुभवाला आली पाहिजे. सगळे एकाच गुळगुळीत काचेवर सपाट झाले की हा युक्तिवाद संपतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की ऐतिहासिक वस्तू डिजिटल माध्यमात आणताना आधी तिचे द्रव्य ओळखा आणि पाहणाऱ्याने वस्तूशी काय करायचे ते त्या द्रव्यावरून ठरवा. आधी ॲप घेऊन मग त्यात वस्तू कोंबू नका.

हे करायचे कसे?

कोणी म्हणेल, बोलणे सोपे आहे. ठीक, एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, उघडण्याचा क्रम. सोपाऱ्याचे करंडक एकात एक आहेत. पडद्यावर ते एका ओळीत मांडले की संपलेच. ते उघडावे लागले पाहिजेत. दगडी पेटीचे झाकण एका बोटाने उडता कामा नये. त्याला वेळ लागावा, दोन हात लागावेत, शक्य असेल तर दोन माणसे लागावीत.

दुसरी गोष्ट, वजन. एकाच आकारमानाचे सोने स्फटिकापेक्षा सुमारे सात पट जड असते. पडदा हे दाखवू शकत नाही, पण हातात दिलेली प्रतिकृती दाखवू शकते. युरोपात २०१३ ते २०१७ या काळात 'मेश' नावाचा संशोधन प्रकल्प झाला. वारशाच्या वस्तूंचा भौतिक अनुभव आणि डिजिटल माहिती एकत्र कशी आणायची, हाच त्याचा विषय होता. नेदरलँड्समधल्या हेग शहराच्या म्युझिऑन संग्रहालयात २०१५ साली दुसऱ्या महायुद्धावरच्या प्रदर्शनात त्यांनी प्रेक्षकांच्या हातात त्या काळातल्या वस्तूंच्या प्रतिकृती दिल्या. प्रतिकृती ठरलेल्या जागी ठेवली की त्या वस्तूशी जोडलेल्या माणसाची बाजू उलगडे. जर्मन सैनिकाची वस्तू घेतली तर त्याची बाजू, सामान्य नागरिकाची घेतली तर त्याची. त्यासाठी डोळ्यांसमोर पडदा धरून फिरावे लागत नव्हते. वस्तू हातात असे आणि गोष्ट तिच्यातून निघे.

तिसरी गोष्ट, प्रकाश. दगडावरची झिजलेली अक्षरे समोरून उजेड टाकला की दिसत नाहीत. तिरपा उजेड टाकला की खाचेत सावली पडते आणि अक्षर वर येते. लेणी पाहायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना हे अनुभवाने माहीत असते. ते सकाळ-संध्याकाळचे ऊन गाठतात. याच तत्त्वावर २००१ च्या सुमारास एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक छायाचित्रण पद्धत पुढे आली. कॅमेरा स्थिर ठेवायचा, शेजारी एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा आणि दिवा वेगवेगळ्या दिशांनी धरून फोटो घ्यायचे. गोळ्यावरच्या चमकेवरून संगणक प्रकाशाची दिशा काढतो. मग पाहणारा पडद्यावर स्वतः दिवा फिरवू शकतो. मोबाईल तिरका केला की उजेड तिरका होईल, असेही करता येते. इथे बोट सरकवण्याला अर्थ आहे, कारण ती कृती दगडाच्या खाचेतून आली आहे. यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरांना हे जमणार नाही असे आम्ही मानत नाही.

चौथी गोष्ट फार बोलकी आहे. चहूबाजूंनी फोटो काढून वस्तूचे थ्रीडी रूप बनवण्याची जी पद्धत आज सर्रास वापरतात, ती स्फटिकासमोर आणि चकचकीत सोन्यासमोर अडखळते. स्फटिकातून आरपार दिसते आणि सोन्यावरची चमक कॅमेरा हलला की हलते, त्यामुळे संगणकाला पृष्ठभाग सापडत नाही. याउलट मातीचे खापर! चमक नाही, पारदर्शकता नाही, अंगावर खरबरीत खुणा. कॅमेऱ्याला ते लगेच उमगते. बाजारात ज्याचा भाव शून्य, ते यंत्राला सर्वांत नीट दिसते. सोन्याचा दिमाख दाखवण्याच्या मागे न लागता खापरावर वेळ घालवा, असे जणू तंत्रच सांगते.

पाचवी गोष्ट, आवाज. आपल्या आया-आज्या मडके विकत घेताना बोटाने वाजवून पाहतात. नीट भाजलेले मडके खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. हे द्रव्याचे ज्ञान आहे आणि ते आपल्या घरात आहे. पडद्यावरच्या मडक्यावर टिचकी मारल्यावर तोच आवाज यायला हवा. खापरावर मारल्यावर बद्द आवाज यावा. लहान मुलालाही कळेल की हे फुटके आहे.

आमचा छोटा प्रयोग

आम्ही हे वस्तीत करून पाहिले. खर्च नगण्य. एक मोठा दगडी खल, त्यात तांब्याचा डबा, त्यात स्टीलची डबी, त्यात काचेची बाटली, त्यात पिवळ्या कागदाने मढवलेली लहान डबी, आणि तिच्यात फुटक्या माठाचा तुकडा. द्रव्ये काही तंतोतंत नव्हती, ते आम्ही मुलांना आधीच सांगितले. प्रत्येक भांड्याच्या तळाशी एक एनएफसी स्टिकर लावला. मोबाईल टेकवला की आमच्याच एका कार्यकर्तीच्या आवाजातली दोन मिनिटांची माहिती सुरू होई.

मुलांनी एकामागून एक झाकणे उघडली. डबीपाशी आल्यावर गलका वाढला. आत खापर निघाले तेव्हा एक मुलगा वैतागून म्हणाला, "एवढं सगळं उघडून फुटकं मडकंच?" तोच तर प्रश्न हवा होता! मग मनुस्मृती, गळ्यातले मडके आणि भिक्षापात्र यांवर तासभर चर्चा झाली. संग्रहालयात दोन मिनिटांत कंटाळलेली हीच मुले होती. त्या सातवीतल्या मुलीने खल दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाली, "आता कळलं." आम्हीही त्या दिवशी बरेच शिकलो.

बनवणाऱ्याचे नाव कुठे आहे?

द्रव्याचा विचार केला की हाताचा विचार करावाच लागतो. दगड कोणी फोडला? वीट कोणी भाजली? तांबे कोणी ठोकले? संग्रहालयाच्या नोंदीत राजाचे नाव असते, शोधणाऱ्या साहेबाचे किंवा पंडिताचे नाव असते आणि बनवणाऱ्याच्या रकान्यात 'अज्ञात' असते.

पण आपल्या लेणी बनवणाऱ्यांनी असे केले नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराने दरवाजा केल्याचा लेख आहे, त्याच्या बापाच्या नावासकट. जुन्नरच्या लेण्यांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे, त्यांच्याकडे दानाची ठेव ठेवलेली होती. नाशिकच्या लेण्यांत विणकरांच्या श्रेणींकडे हजारो कार्षापण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे पुढे ज्यांना शूद्र-अतिशूद्र म्हणून हिणवले, त्याच कामांतली माणसे तिथे दानी म्हणून, विश्वासाने ठेव सांभाळणारे म्हणून आणि कर्ते म्हणून दगडावर नावाने उभी आहेत. आमच्या दृष्टीने बुद्धकाळाचा हा सर्वांत ठोस पुरावा आहे.

म्हणून उद्या खापराची प्रतिकृती करायची असेल तर ती थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये करू नका. कुंभाराकडून करून घ्या, त्याला रीतसर मोबदला द्या आणि नोंदीत त्याचे नाव लिहा. चाकावर भांडे फिरताना आतल्या बाजूने बोटांची वलये उमटतात, कधी कधी ठसाही राहतो. पडद्यावर ते वलय मोठे करून दाखवा, पाहणाऱ्याला त्यावरून बोट फिरवू द्या. काचेवरून का होईना, एका श्रमिकाच्या बोटाच्या मार्गावरून त्याचे बोट जाईल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच बुद्धिवादी मित्रांचा असतो. अस्थी, पात्र, करंडक यांची पूजा हे आपले काम आहे का? अजिबात नाही. ते खापर खरोखर तथागतांच्याच पात्राचे होते का, यावर आमचा मुद्दा अवलंबून नाही. लोकांनी ते कसे जपले, हा इतिहास आहे आणि तो तपासता येतो. उलट द्रव्याकडे नीट पाहिले तर चिकित्सा वाढते. यज्ञश्री सातकर्णीचे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे नेते, तर त्या आठ कांस्यमूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. याचा अर्थ ती पेटी मधल्या काळात पुन्हा उघडली गेली होती. म्हणजे कोकणच्या या किनाऱ्यावर बौद्ध लोक तेव्हाही होते आणि स्तूपाची काळजी घेत होते. चांगल्या डिजिटल मांडणीत हे दोन काळ वेगळे दिसले पाहिजेत. श्रद्धेचा झगमगाट करून हा फरक झाकला तर तो आपल्याच इतिहासाचा अपमान होईल.

दुसरा आक्षेप : लोकांना राशन नाही, शिष्यवृत्ती वेळेवर नाही आणि तुम्ही मडक्यांचे आवाज काय ऐकवता? आक्षेप रास्त आहे. पण स्मारकांसाठी निधी मंजूर होतोच आहे, निविदा निघतच आहेत. तो पैसा चकाचक पडद्यांवर जाणार की अर्थपूर्ण मांडणीवर, हे आपण बोललो नाही तर कंत्राटदार ठरवेल.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. काचेवरचा स्पर्श हा स्पर्श नव्हेच. मान्य. म्हणूनच डिजिटल साधनाने खोटा दावा करू नये. 'खरे इथे आहे, तू जाऊन बघ' असे सांगणारे ते बोट असावे. आणि खऱ्या वस्तूपाशी सामान्य माणसाला पोहोचता आले पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये.

स्पर्शाचा प्रश्न आपला आहे

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीने जगाला सांगितले की वस्तूला, पाण्याला, जमिनीला स्पर्श करणे हा माणूसपणाचा हक्क आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. फुटक्या भांड्यात जेवायला सांगणारा तो ग्रंथ.

बाबासाहेबांच्या बालपणातला एक गोणपाट तुम्हाला आठवत असेल. शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा शिपाई त्याला शिवत नसे, म्हणून लहानगा भीमराव तो रोज घरी नेई आणि सकाळी परत आणी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता विचार करा, उद्या एखाद्या डिजिटल संग्रहालयात हा प्रसंग दाखवायचा आहे. सुंदर ॲनिमेशन करता येईल, पार्श्वसंगीतही घालता येईल. पण तागाचा तो खरखरीतपणा, उघड्या पायांना टोचणारे धागे आणि रोज काखोटीला मारून नेण्याचे ओझे? पाहणाऱ्याच्या हातात गोणपाटाचा एक तुकडा द्या आणि एवढेच सांगा, 'हा घरी घेऊन जा, उद्या परत आण.' याहून मोठी मांडणी कोणता पडदा करणार?

मित्रांनो, आपल्यात आता इंजिनिअर आहेत, डिझाइन शिकणारे आहेत, पुरातत्त्व शिकणारे आहेत. तुमच्या गावाजवळच्या लेणीपासून सुरुवात करा. एक शिलालेख निवडा, लेणीला इजा न करता आणि रीतसर परवानगी घेऊन तिरप्या उजेडात त्याचे फोटो घ्या, त्यातले कारागिराचे नाव वस्तीतल्या मुलांना स्वतः शोधू द्या. घरात 'जनता', 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक असतील तर नुसते स्कॅन करून थांबू नका. खिळ्यांच्या छपाईने कागदाच्या मागे उमटलेले दाबही टिपा, कारण ते खिळे कोणीतरी एकेक करून जुळवले होते. आणि जिथे सरकारी स्मारकाचा आराखडा चर्चेला येईल तिथे उभे राहून विचारा : ही वस्तू कशाची आहे, कोणी बनवली, आणि आमच्या मुलांना ती जड लागेल का?

जयभीम! नमो बुद्धाय!